सदा तांडेलाचा दम

सदा तांडेलाचा दम काशीदपासून मुरूडपर्यंतच्या कोळीवाड्यांना ठाऊक होता. कुणाचं जाळं खडकात गुंतलं, कुणाचा नांगर कातळाच्या फटीत रुतून बसला, की माणसं त्याच्या दारात यायची. सदा चहा पिता पिता हकीकत ऐकून घ्यायचा, पाणी किती खोल आहे ते विचारायचा आणि उठायचा. होडीच्या काठावर बसून तो छाती अशी भरून घ्यायचा की बरगडी न बरगडी दिसावी, आणि मग पाण्यात नाहीसा व्हायचा. वर बसलेल्यांची बोलणी आपोआप थांबत. तो वर यायचा तेव्हा त्याच्या हातात सुटलेला दोर असायचा आणि तोंडात एक सणसणीत शिवी, त्या खडकाला घातलेली.

ह्याच दमानं पनवेलच्या तपासणी सेंटरच्या थंडगार खोलीत सगळ्यांना अडचणीत आणलं.

खरं तर सदाला काही होत नव्हतं. अंतर्गळाचं, म्हणजे हर्नियाचं, ऑपरेशन करून घ्यायचं म्हणून अलिबागला तपासण्या केल्या, त्यात पोटाची सोनोग्राफी झाली. डॉक्टरांचा हात उजव्या बरगडीखाली आला आणि तिथंच फिरत राहिला. यकृत खडबडीत झालंय, म्हणाले, आणि आत एक डाग दिसतोय. रक्त तपासलं तेव्हा कळलं की सदाच्या अंगात कावीळ-बीचा विषाणू आहे. कधी शिरला ते कुणीच सांगू शकत नव्हतं. कदाचित जन्मतानाच. एवढी वर्षं तो आत राहिला, यकृत खात राहिला, आणि सदा वर होडी हाकत राहिला.

"दारूचा थेंब शिवला न्हाय जलमात," वेणूबाई डॉक्टरांना म्हणाली होती. नवऱ्याची कड घेत होती की देवाशी भांडत होती, हे दिशाला कळलं नाही.

दिशा त्यांची एकुलती लेक. अलिबागच्या कॉलेजात ग्रंथपाल होती, आणि पुस्तकांत राहणाऱ्या माणसाची खोड तिलाही होती: भीती वाटली की ती वाचायला बसायची. आठवडाभर तिनं यकृतावर जे मिळेल ते वाचून काढलं. तो डाग म्हणजे नुसती गाठही असू शकते; व्रण पडलेलं यकृत स्वतःची डागडुजी करू पाहतं, त्यात अशा गाठी येतात. किंवा तो कॅन्सर असू शकतो. कॅन्सर एकाच जागी असला तर सुई घालून जाळून टाकता येतो. पण रक्तवाहिनीत शिरला असला, तर मग फारसं काही हातात उरत नाही. ह्यातलं काय आहे ते सोनोग्राफीला सांगता येत नव्हतं. शिरेतून औषध देऊन एमआरआय करायचा, मग कळेल, असं ठरलं.

पहाटे निघाले. दिशाचा चुलतभाऊ विनेश त्याची गाडी घेऊन आला होता. सदाला उपाशीपोटी जायचं होतं, म्हणून वेणूबाईनंही चहा घेतला नाही. वडखळला विनेश वडापाव खायला उतरला आणि सदा त्याच्याशी गप्पा मारायला म्हणून उतरला, तेवढ्यात वेणूबाईनं लेकीचं मनगट धरलं.

"ऐक. काय बी निघू दे. तुझ्या बापाला सांगायचं न्हाय."

"आई, अगं..."

"न्हाय म्हंजे न्हाय. तुझा काका कळलं त्या दिवशी खाटेवर पडला तो उठलाच न्हाय. रोगानं न्हाय गेला तो, कळलं म्हनून गेला. माझी शपथ हाय तुना."

दिशानं मान हलवली. ती हो होती की नुसती हललेली मान, हे तिचं तिलाच ठरवायचं होतं.

पुढं पनवेलला एमआरआय सेंटरवर पोचल्यावर सदाला कपडे बदलायला लावले. निकेत नावाचा हसतमुख तंत्रज्ञ हातात प्रश्नांचा कागद घेऊन आला.

"काका, अंगात कुठं लोखंड? स्क्रू, पट्टी, पेसमेकर?"

"लोखंड? एकदा पायात खिळा गेलता. हाताएवढा."

"निघाला ना पण?"

"न्हाय निघाला तर हितवर चालत आलो आसतो काय?"

निकेत हसला आणि त्याच्या कमरेकडं बोट दाखवलं. कमरेला चांदीचा करदोडा होता, लग्नातला, कधीच न काढलेला. त्याची कडी काळी पडून घट्ट बसली होती. वेणूबाई तिथंच, सगळ्यांसमोर, खाली बसली आणि ती कडी दातांनी उघडली. सदा गुदगुल्या झाल्यासारखा वळवळला.

"अगो, हलू! चावशील!"

"एवढी वर्सं न्हाय चावले ती आता चावतंय," वेणूबाई म्हणाली, आणि करदोडा पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

ती बाहेर गेल्यावर सदानं दिशाला हाक मारली. सेंटरच्या निळ्या, मागून बांधायच्या झग्यात तो कोवळ्या पोरासारखा दिसत होता.

"पोरी, आयशीनं तुना काय सांगितलं ते मना ठाव हाय. तिला सांगू दे. पन तू जे दिसेल ते मना सांगायचं. पाण्याखाली खडक हाय का रेती हाय ते वरनं दिसत न्हाय. खाली गेलेल्यानं सांगायचं आसतं. ते न्हाय सांगितलं तर वरचा होडी फोडतो."

दिशानं पुन्हा मान हलवली. एकाच सकाळी दोन्हीकडं मान हलवून झाली होती.

यंत्र म्हणजे एक पांढरं, जाड भिंतीचं भुयार होतं. सदाला त्याच्या पाटावर निजवलं, पोटावर कवचासारखं एक झाकण ठेवलं, श्वास कळावा म्हणून पट्टा बांधला, दंडाच्या खाली सुई टोचून तिला लांब नळी जोडली. कानांवर मोठे हेडफोन चढवले. पाट आत सरकला आणि सदाची फक्त पावलं बाहेर राहिली, भेगाळलेल्या टाचांची, वर्षानुवर्षं मिठात मुरलेली.

काचेपलीकडच्या खोलीत निकेत आणि डॉक्टर प्राप्ती म्हात्रे बसले होते. दिशा दाराशी, बाहेरच्या बाकावर वेणूबाईशेजारी. आतून यंत्राचे ठोके ऐकू येत. एकदा कुणी डबा बडवावा तसे, एकदा इंजिन अडकावं तसे. मग शांतता. मग परत ठोके. थोड्या वेळानं निकेतचा आवाज आला, जरा चढलेला.

"काका, श्वास धरला नाहीत तुम्ही."

आणि स्पीकरमधून सदाचा आवाज, त्याहून चढलेला:

"कोन? मी? आरं, या किनाऱ्यावर माझ्याएवढा दम कुनाचा हाय तो दाखव मना!"

वेणूबाईनं कपाळावर हात मारला. "झालं. तिथं बी भांडन."

पुन्हा एकदा घेतलं. पुन्हा तेच. थोड्या वेळानं डॉक्टर प्राप्ती दार उघडून बाहेर आल्या. उरणकडच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. चष्मा केसांवर सरकवलेला, बोलणं सरळ.

"तुम्ही मुलगी ना? जरा आत या. बाबांना तुमच्या भाषेत समजावता आलं तर बघा. तसे ते श्वास रोखून धरतात, भरपूर वेळ धरतात. पण चित्र हलतं."

आत पडद्यावर पोटाचा एक आडवा छेद होता, पण त्याला एकावर एक कडा होत्या; पाण्याखालची वस्तू लाट आल्यावर दिसावी तशा.

"हे अजून औषधाशिवाय आहे," निकेत म्हणाला. "पुन्हा घेता येतं. पण औषध एकदाच जातं, ताई. ते यकृतात पोचतं ते पहिले काही क्षण असतात ना, ते खरे महत्त्वाचे. ते हुकले तर आज परत मिळत नाहीत."

"आणि नाही जमलं तर?"

"मग मुंबईला, भूल देऊन," प्राप्ती म्हणाल्या. "त्यांच्या यकृताकडं बघता मला भूल द्यायला आवडणार नाही. आणि तारीख मिळेपर्यंत वाट बघायलाही."

पडद्याच्या कोपऱ्यात एक रेघ सरकत होती. छातीवरच्या पट्ट्यावरून येणारी ती सदाच्या श्वासाची रेघ. निकेतनं मागची रेघ काढून दाखवली. "हे बघा. श्वास धरला की रेघ सपाट व्हायला पाहिजे. यांची एकदम वर जाते, म्हणजे छाती गच्च भरून घेतात. आम्ही सांगतो सोडून थांबा, ते भरून थांबतात. आणि मग ही बघा गंमत, हळूहळू उतरते. पायऱ्यापायऱ्यांनी. असं मी कुणाचं बघितलं नाही."

दिशा त्या पायऱ्यांकडं बघत राहिली. लहान, सारख्या, नेमक्या अंतरानं खाली येणाऱ्या पायऱ्या.

तिला होडी दिसली. ती स्वतः होडीच्या काठावर ओणवी, फ्रॉकमधली, आणि आई तिची वेणी मागून धरून बसलेली, पोर पाण्यात पडू नये म्हणून. बाबा खाली गेलेला. हिरव्या पाण्यातून एक बुडबुडा वर येतो, फुटतो. जरा थांबून दुसरा. आईची नजर त्या जागेवरून हलत नाही. बुडबुडे येतायत तोवर माणूस खाली आहे, आई सांगायची, आणि बुडबुडे थांबले की दोर ओढायचा. आजोबांनी बाबाला तसंच शिकवलं होतं. दम एकदम सोडायचा नाही आणि सगळा धरूनही ठेवायचा नाही. वरच्या माणसासाठी थोडा थोडा पाठवत राहायचा.

"मी बोलू त्यांच्याशी?"

निकेतनं माइकचं बटण दाखवलं.

"बाबा, मी दिशा."

"तू कुठशी?"

"काचेच्या पल्याड. बाबा, तू बुडबुडे सोडतोस ना?"



"सोडतो मंग. तुमी वर बसल्यात, तुमाला समजाया नको?"

डॉक्टर प्राप्तींनी दिशाकडं पाहिलं.  दिशानं बटण पुन्हा दाबलं.

"बाबा, इथनं मला सगळा दिसतोस तू. तुझा श्वास दिसतो पडद्यावर, नाडी दिसते, पावलं दिसतायत. बुडबुडे नको पाठवू. मी बघतेय."

"तोंड आपनच ढिलं पडतं गो. सवय हाय."

"आणि दम भरायचा न्हाय. सोडायचा. सगळा सोडून झाला की तिथं थांबायचं."

"रिकाम्या छातीनं? येडी का काय तू? रिकाम्या छातीनं बुडी मारतो तो वर येतो का?"

निकेत तोंडावर हात ठेवून हसला.

"बुडी मारायचीच न्हाय, बाबा. तू पाण्यात नाहीस. होडीवर आहेस असं समज."

 यंत्रातली कसलीतरी मोटर बारीक किणकिणत होती.

"म्हंजे घोळ ऐकतो तसं," सदा आतून म्हणाला. "असं बोल की मंग सरळ. मगासधरनं तो पोरगा श्वास घ्या श्वास सोडा करतोय."

घोळ हा मासा बोलतो. थव्यात असला की पोटातून घुमणारा आवाज काढतो, आणि जुने तांडेल, होडीचे म्होरके, वल्ह्याचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्याला कान लावून तो ऐकायचे. तेव्हा श्वास सगळा बाहेर टाकून थांबावं लागतं, कारण कानात आपलाच श्वास वादळासारखा वाजतो. दिशानं हे निकेतला सांगितलं. निकेतनं खांदे उडवले. "मासा तर मासा. बघू या."

ठोके सुरू झाले. रेघ वर गेली, खाली आली, आणि खालीच राहिली. एकदम सपाट. पडद्यावर हळूहळू चित्र उतरलं आणि त्याच्या सगळ्या कडा एकीत एक मिसळून गेल्या. पाणी निवळल्यासारख्या.

"वा, काका!" निकेत माइकवर ओरडला. "आता खरा दम. औषध सोडतोय. हाताला गार वाटेल."

पुढं जे दिसलं ते दिशानं नंतर कुणाला नीट सांगितलं नाही. बाबा गेल्यावर त्या दिवसांतल्या बऱ्याच गोष्टी तिच्या मनातून पुसट झाल्या. कोणत्या दवाखान्यात कोण काय म्हणालं, कोणती गोळी कधी सुरू झाली. ही दुपार मात्र जशीच्या तशी राहिली.

आधी सगळं करडं होतं. मग पाठीच्या कण्यासमोर एक गोल ठिपका पेटला. हृदयाकडून येणारी महारोहिणी, डॉक्टर प्राप्ती पुटपुटल्या. तिथून बारीक पांढऱ्या रेषा निघाल्या, फाटे फुटले, फाट्यांना फाटे. उधाणाचं पाणी रेवदंड्याच्या खाडीत शिरताना असंच मुख्य धारेतून ओहोळात, ओहोळातून चरांत, चरांतून खाजणाच्या दलदलीतल्या शेवटच्या भेगेपर्यंत जातं; पण ते पाणी घटका घटका घेतं, आणि हे एका थांबलेल्या श्वासात झालं. मग दुसरी वाट उजळली, आतड्याकडून येणारी मोठी शीर. मग सगळं यकृत हळूहळू भरून आलं. प्रत्येक वेळी दिशा बटण दाबून "सोड बाबा... थांब" म्हणायची, आणि रेघ सपाट व्हायची, आणि आत पाच लिटर रक्ताचं एक माणूस तिच्यासाठी निश्चल पडून राहायचं.

तिनं वाचलं होतं की हे यंत्र शरीरात डोकावतच नाही. शरीरात जे पाणी आहे, प्रत्येक पेशीत, त्याला ते हाक मारतं. पाणी ओ देतं. ती ओ कुठून आली, किती जोरात आली, किती वेळ घुमली, त्यावरून चित्र उभं राहतं. वाचताना तिला ते पटलं होतं, इतकंच. आता ती तिच्या बापाच्या अंगातलं पाणी ओ देताना बघत होती. सुरी नाही, रक्ताचा टिपूस नाही. ज्या पोटावर लहानपणी डोकं ठेवून ती झोपली, त्याच्या आत एवढा पसारा रात्रंदिवस वाहत होता आणि वरून एक पोट तेवढं हलत होतं.

"ही गाठ," प्राप्ती म्हणाल्या.

ती पहिल्या चित्रात कुणाहीआधी पेटली होती, एक लहान तेजस्वी गोळा. पुढच्या चित्रांत भोवतीचं यकृत उजळत गेलं आणि ती विझत गेली, कडेला एक बारीक वळं तेवढं ठेवून. प्राप्तींनी ते दोनदा पुढं-मागं करून पाहिलं.  मग त्या दुसरीकडं गेल्या, उजवीकडच्या शिरेच्या फाट्यावर, आणि तिथं त्यांचं बोट थांबलं. अलिबागच्या डॉक्टरांचा हात एका जागी रेंगाळला होता, तसंच.

"सांगा," दिशा म्हणाली.

"अजून एक चित्र यायचंय. हे औषध नुसतं रक्तात फिरून जात नाही. यकृताच्या ज्या पेशी अजून काम करतात, त्या ते ओढून घेतात. त्याला थोडा वेळ लागतो. तोवर थांबू या."

थांबले. सदाला निकेतनं विचारलं, काका ठीक? सदा म्हणाला, घोळ न्हाय, तुझ्या मशीनमदी नुसत्या कोलंब्या तडतडतायत. निकेतनं चहा मागवला. दिशानं कप हातात धरून ठेवला.

मग ते चित्र आलं.

यकृत उजळलं होतं. सारखं नाही, कुठं ठसठशीत, कुठं मळकट, मधून मधून काळपट जाळी. पण उजळलं होतं, आतून, वात लावलेल्या कंदिलासारखं. त्यातून पित्ताच्या बारीक नळ्या चमकत होत्या, म्हणजे औषध घेऊन ते पुढं पाठवायचं कामही चालू होतं. दिशाचा विश्वास बसेना. किती वर्षं हे खाल्लं जात होतं. जळत होतं, व्रण भरत होते, व्रणावर नवी पेशी येत होती, तीही खाल्ली जात होती. आणि ह्या घटकेला, पनवेलच्या एका गल्लीत, बाहेर रिक्षावाले भांडत असताना, ते आपल्या वाटणीचं काम करत होतं. तिला हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते कळेना.

"तुम्ही मगाशी खाडी म्हणालात," प्राप्ती हळू आवाजात म्हणाल्या. आपण ते मोठ्यानं म्हणालो, हे दिशाला आताच कळलं. "मला कायम मिठागर दिसतं. कुठला वाफा भरला, कुठला कोरडा. रोज बघते, पण सवय होत नाही." मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "हा कोरडा."

गोळा आता काळा होता. आणि त्याच्यापासून शिरेच्या फाट्यात गेलेली एक काळी जीभ.

"हा कॅन्सर आहे. मी अहवालात सावधपणे लिहीन, पण तुम्हाला सरळ सांगते. आणि तो शिरेत शिरलाय. म्हणून जाळता येणार नाही. औषधं आहेत, आवर घालणारी, काही चांगलीही आहेत. पण आवर घालणारी."

दिशानं विचारलं, किती. प्राप्ती म्हणाल्या, तो आकडा कुणाकडंच नसतो, आणि ज्याच्याकडं असतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

काचेपलीकडं पाट बाहेर सरकला. सदा उठून बसला, हेडफोन काढले, कान चोळले. त्यानं काचेकडं पाहिलं. काचेत त्याला बहुधा स्वतःचंच प्रतिबिंब दिसत असावं, पण त्यानं बरोबर दिशा उभी होती तिकडंच बघून हनुवटी वर केली. काय?

तिला वाटलं होतं, हा क्षण येईल तेव्हा ठरवणं कठीण जाईल. आईची शपथ होती. काकाची खाट होती. पण ती नुकतीच जे बघून आली होती ते ज्याच्या अंगात होतं, त्याच्यापासून ते लपवून ठेवणं तिला एकदम चोरीसारखं वाटलं. वाईट बातमी लपवता येते. हे केवळ वाईट नव्हतं. हे त्याचं होतं.

"डॉक्टर, बाबांना दाखवाल?"

"त्यांना बघायचंय?"

"हो."

सदा अंगावरचा झगा मागून मुठीत धरून आत आला. निकेतनं खुर्ची दिली, ती नको म्हणाला. पडद्याजवळ, अगदी नाक लागेल इतका, वाकून उभा राहिला.

"हे मी?"

"हे तुझं यकृत, बाबा. काळीज."

"मुशी मासळीचं पुष्कळ काढलंय मी," तो म्हणाला. "दोन हातांत मावत न्हाय, येवढं निघायचं. त्याचं तेल करून होडीला लावायचो आमी. पन मुशी मेल्याबिगर दाखवत न्हाय." तो थांबला. "मी जिता हाय आनी दिसतंय."

"व्हय, बाबा."

"ह्याच्या कडेला कालवं बसल्यात. खडकाला बसतात तशी."

"ते विषाणूनं. पुष्कळ वर्षांपासून."

"आनी उजेड कसला?"

दिशानं सांगितलं. जिथं उजेड तिथं ते अजून काम करतंय. सदानं मान डोलवली. एखाद्या जुन्या खलाशाचं कौतुक ऐकावं तशी. मग त्याचं बोट वर आलं आणि पडद्यापासून वीतभर अंतरावर थांबलं. नखात जन्माचं डांबर होतं.

"आनी ह्यो काळा?"

दाराशी पायरव झाला. वेणूबाई होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिचे डोळे लेकीवर होते आणि त्यांत शपथ होती.

दिशानं आईकडं पाहिलं, आणि मग बापाकडं वळली.

"तो कॅन्सर आहे, बाबा. आणि हा इथं, शिरेत गेलाय. त्यामुळं काढून टाकता येणार नाही. गोळ्या-इंजेक्शनं देतील, त्यानं रोखता येईल काही दिवस."

 सदा वाकला होता तसाच राहिला. त्याचे ओठ हलत होते, समुद्रावर ढग बघताना हलायचे तसे. बऱ्याच वेळानं त्यानं कंबर सरळ केली.

"दुखंल?"

"दुखलं तर औषध आहे," प्राप्ती म्हणाल्या. "दुखू द्यायचं नाही, एवढं आमच्या हातात आहे."

"बरं." तो पुन्हा पडद्याकडं वळला. चेहऱ्यावर भीती होती. दिशानं ती स्पष्ट पाहिली. पण भीतीच्या वरही काहीतरी होतं. तिच्या लहानपणी एकदा मोठा देवमासा होडीखालून गेला, त्या सकाळी ते त्याच्या चेहऱ्यावर होतं, आणि तेव्हाही त्यानं वल्हं थांबवून नुसतं बघितलं होतं. "अगो, हिकरं ये," तो म्हणाला, मागं न बघता. "तिथं काय उभी हायस. ये, बघ."

"मना न्हाय बघायचं."

"बघ गो. येवढा उजेड हाय."

"लेकीनं शपथ मोडली माझी."

"मोडली तर मोडली. मागनं भांड तिच्याशी. आदी ये."

वेणूबाई आली. दिशाजवळून जाताना तिनं तिच्याकडं पाहिलं नाही. पडद्यासमोर ती डोळे खाली करून उभी राहिली, देवळात नवं जोडपं उभं राहतं तशी. मग हळूहळू वर बघितलं. तिला सडकं काहीतरी दिसेल असं वाटलं होतं बहुतेक.  ती जवळ सरकली. अजून जवळ.

"ह्ये तुमच्या पोटात?"

"माझ्या."

"इतक्या वर्सांत मना कंदी कळलं न्हाय," ती म्हणाली. तिचा आवाज भांडणाचाच होता, पण रोख कुणावर, ते सांगता आलं नसतं.

मग तिनं पदर ओढला. निकेत काहीतरी बोलायला पुढं झाला; पडद्याला हात लावायचा नसतो. प्राप्तींनी त्याला नजरेनं थांबवलं. पडद्यावर धूळ होती, दुपारच्या उन्हात ती आता दिसत होती. वेणूबाईनं पदराच्या टोकानं ती पुसली, भांडं पुसावं तशी, कडेपासून कडेपर्यंत, न घाई करता. उजेडावरून, काळ्यावरून. पुसून झाल्यावर ती मागं सरली आणि लेकीचं मनगट तिनं आपल्या हातात घेतलं.

"हां," ती म्हणाली. "आता मना दाखव. कुठनं कुठवर हाय ते."